मेणातला नाना: असोद्याहून शिरपूरपर्यंत

लोक गंगेचं पाणी गडूत घालून आणतात आणि मग त्या प्रवासाचं वर्णन लिहितात. मी माझ्या भावाच्या स्वादुपिंडाचा तुकडा पिशवीत घालून जळगावहून धुळ्याला नेला. ज्यांच्यावर अशी वेळ आली नाही त्यांच्यासाठी लिहिते. येऊ नये, पण आलीच तर निदान बर्फाचा घोळ करू नका.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवी पडलेली एक ग्रंथी. शहात्तर वर्षं माझ्याही पोटात आहे, पण तिचं नाव मला कळलं ते भावाची बिघडली तेव्हा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. माझं माहेर तापीपलीकडे, शिरपूरच्या बाजूला. लग्न होऊन आले जळगावजवळ असोद्याला, केळीत आणि कपाशीत. माझा धाकटा भाऊ माहेरीच शेती करतो. त्याला सगळा गाव नाना म्हणतो, म्हणून मीही नानाच म्हणते. नानाला कावीळ झाली, ती उतरेना. जळगावच्या दवाखान्यात पित्ताच्या वाटेत नळी घातली आणि पोटात जी गाठ दिसली तिच्यातून सुईने तुकडा काढला. तुकड्याने सांगितलं, कॅन्सर.

हे नाना सोडून सगळ्यांना सांगण्यात आलं. नानाला सांगितलं, "सूज आहे."

नानाची मुलगी हर्षदा धुळ्याला एका प्रयोगशाळेत काम करते. तिने फोन केला. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. "फुई, मोठ्या शहरातल्या दवाखान्यात एका नव्या औषधाची परीक्षा चाललीय. नाना त्यात बसतात का, ते तुकडा तपासूनच कळेल. तुकडा जळगावला पडून आहे. मला सुट्टी नाही, गोपालला सुट्टी नाही. आणाल का?"

गोपाल तिचा भाऊ, नरडाण्याच्या कारखान्यात कामाला. अर्जावर नानाची सही त्याने आणली होती, "सुजेची तपासणी" म्हणून. पंचाहत्तरीनंतर मला एस.टी. फुकट आहे आणि केळीला पाणी द्यायला मुलगा आहे. मी म्हटलं, आणते.

सोमवार, जळगाव

निघताना शेजारीण आडवी आली. "कुठी चालली वं माय, आखाजीच्या सणाच्या तोंडावर?"

"भावाला घेऊन धुळ्याला."

"भाऊ कुठी आहे?"

"जळगावात. मेणात."

तिने मला सावलीत बसवून पाणी पाजलं. ऊन लागलं असं तिला वाटलं. मी पाणी प्यायले, कारण तहान खरंच लागली होती.

लॅबच्या खिडकीतल्या माणसाने अर्ज पाहिला, वहीत सही घेतली आणि एक पाकीट पुढे सरकवलं. आत प्लॅस्टिकची जाळीदार डबी, तिच्यावर मेणाची चौकोनी वडी. हॉटेलात हात धुवायला छोटा साबण देतात तेवढी. मेणात पांढुरके तीन धागे.

"एवढाच?" मी विचारलं.

"आजी, सुईने काढलाय. सुरीने नाही."

"या तीन शेवयांवरून माणसाचं काय ते ठरणार?"

"ठरतं," तो म्हणाला. "फक्त उन्हात ठेवू नका. मेण आहे."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. एप्रिल संपत आला होता. जळगावात त्या दिवसांत केळीचं पान दुपारी कडेने करपतं आणि डांबराला चप्पल चिकटते. मेण म्हणजे मेणबत्ती, एवढंच मला ठाऊक. देवघरातली मेणबत्ती गेल्या उन्हाळ्यात मान टाकून पडली होती. माझा भाऊ पारोळ्यापर्यंत वितळून जाईल आणि मी धुळ्याला रिकामी जाळी घेऊन उतरेन, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. स्टँडजवळच्या रसवंतीवाल्याकडून मी बर्फ मागून घेतला. पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी डब्यात, वर बर्फ. डब्याभोवती ओलं फडकं. फार हुशारी केली असं मला वाटलं. एरंडोल येईपर्यंत ती हुशारी टिकली.

एरंडोल सुटल्यावर कंडक्टर बाई आल्या. पोरगी होती, तिशीचीही नसेल. खाली पाहून म्हणाली, "आजी, पिशवी गळतेय. मासे आहेत का?"

"नाही. भाऊ आहे."

"कोण भाऊ?"

"माझा."

ती दोन सीट मागे सरकली. मग मला सगळं सांगावं लागलं, आणि मी हळू बोलत नाही. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर बसमधली झोप उडाली. पुढच्या सीटवरचे पागोटेवाले आबा म्हणाले, पपईच्या पानांचा रस. एक बाई म्हणाली, बकरीचं दूध, तेही काळीचंच. एकाने मंत्र सांगितला. एकाने मंत्रवाल्याचा पत्ता सांगितला. पारोळ्यापर्यंत सहा औषधं झाली.

मी विचारलं, "यातलं कोणाचं कोणाला लागू पडलं?"

सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. आबा तेवढे प्रामाणिक निघाले. "अक्का, पपईचा रस मन्हा साडूले दिन्हा व्हता," ते म्हणाले.

"मग?"

"वारना."

म्हणजे वारला. त्यानंतर आबांनी मला खारे शेंगदाणे दिले. आम्ही खात खात धुळ्याला उतरलो.

सोमवार संध्याकाळ ते बुधवार, धुळे

हर्षदाने डबा उघडला. पाकिटाचा लगदा झाला होता. त्यावर शाईने लिहिलेलं नाव, नंबर, तारीख सगळं निळं पाणी. पोरीचा चेहरा उतरला, आणि खरं सांगते, माझाही. तीन शेवया सांभाळून आणल्या, पण त्या कोणाच्या हे सांगणारी अक्षरंच धुऊन टाकली.

प्रयोगशाळेतल्या मोठ्या मॅडम, ज्या तुकडे वाचतात, त्यांनी मेणाची वडी उचलली, फडक्याने पुसली आणि जाळीची कड दाखवली. तिथे पेन्सिलीने बारीक नंबर लिहिला होता, जसाच्या तसा.

"म्हणूनच आम्ही पेन्सिल वापरतो," त्या म्हणाल्या. "आणि आजी, हे मेण एवढ्या तेवढ्या उन्हात वितळत नाही. गाडीच्या काचेखाली ठेवू नका, एवढाच त्याचा अर्थ."

"मग बर्फ वाया गेला?"

"नाही, कापायच्या आधी आम्हीही बर्फावरच ठेवतो. फक्त पोहायला सोडत नाही."

शाळेत मास्तरांनी पेन्सिलीसाठी मारलं होतं, शाईचं वय झालं तरी सोडत नाही म्हणून. त्या मास्तरांची आठवण काढून मी बाहेर येऊन बसले.

तिथे एक नियम कळला, तो मला आवडला. हर्षदाला स्वतःच्या बापाचा तुकडा वाचता येत नाही. माया आडवी येते आणि नसलेलं दिसायला लागतं. म्हणून नाव काढून नवा नंबर देतात, दुसऱ्यांच्या तुकड्यांत मिसळतात आणि वाचणाऱ्याला कोणता कोणाचा ते सांगत नाहीत. वाचून कागदावर लिहून झालं की मगच नाव लागतं. आमच्याकडे मुलगी बघायला जातात तेव्हा असं केलं असतं तर पुष्कळ भांडणं वाचली असती.

तुकड्याचे पातळ काप काचेवर घेऊन त्यांना रंग चढायला दीड दिवस लागणार होता. हर्षदा मला जेवायला घेऊन गेली. धुळ्याची शेवभाजी म्हणजे शेव जाड आणि रस्सा काळा. असोद्याला माझी सून शेव आधीच रश्श्यात टाकून तिचा गाळ करते. इथे शेव वेगळी आणून देतात, तुम्ही घाला आणि लगेच खा. हे बरं. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं होतं. उगाच कोणी दुसरा अर्थ काढू नये.

"आता सांग," मी म्हटलं, "त्या तुकड्यात काय शोधताय?"

"शिपाई. आपल्या रक्तात शिपाई-पेशी असतात, टी-पेशी म्हणतात. बिघडलेली पेशी ओळखून तिला मारणं हे त्यांचं काम."

"मग नानाच्या काय झोपल्यात?"

"झोपल्या नाहीत. त्यांना रस्ता कळत नाही. पेशींना डोळे नाहीत, फुई. त्या वासावर चालतात. म्हणजे वासासारखंच, दुसऱ्या पेशींनी सोडलेले बारीक निरोप असतात, त्यांच्या मागे जातात. जिकडे दाट, तिकडे."

"फोडणीसारखं."

"अगदी. गल्लीत कुणाकडे फोडणी पडली ते तुम्हाला न बघता कळतं ना?"

"कोणाची करपली तेही कळतं."

"तसंच. आणि निरोप एक नाही, पुष्कळ. त्यांना नंबर आहेत. नऊ, दहा आणि अकरा नंबर शिपायांना आत बोलावतात. आठ नंबर भलत्यांनाच बोलावतो, ते येऊन जागा अडवून बसतात आणि शिपायांनाच गप्प करतात. आणि बारा नंबर बाहेर अडकवतो."

"बसगाड्याच म्हण की. बारा नंबर गावाबाहेर उतरवते."

"स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तेच होतं. गाठीभोवती धाग्या-धाग्यांची घट्ट भिंत असते. ती भिंत बांधणाऱ्या पेशी काही कॅन्सरच्या नसतात, आपल्याच असतात. जखम भरून काढणाऱ्या. त्यांना वाटतं इथे जखम आहे. बांधत सुटतात आणि वर बारा नंबरचा निरोप सोडत राहतात. शिपाई येतात आणि भिंतीपाशीच अडकतात."

म्हणजे चोराने काहीच केलं नाही, गवंडी आपलेच. हे मला लगेच पटलं. घराघरात असंच असतं.

मी विचारलं, "निरोप आला तरी दार लागतं, कडी लागते. आत गेल्यावर काम करायला ताकद लागते. त्याचं काय?" आपण काहीतरी मोठं विचारलं असं मला वाटलं.

"ते सगळं आधीच माहीत आहे, फुई," ती रस्सा ओढत म्हणाली. "त्यावर लोकांची आयुष्यं गेलीत."

मी दुसरी भाकरी घेतली.

मग तिने मुद्द्याचं सांगितलं. गाठी तीन तऱ्हेच्या. काहींत शिपाई आत पोचलेले असतात. काहींत आसपास कोणीच नाही, सगळं ओसाड. आणि काहींत कडेला येऊन थांबलेले. नवं औषध बारा नंबरचा निरोप बंद करायला बघतं. म्हणून परीक्षेत कडेला थांबलेलेच हवेत. नानाचा तुकडा ओसाड निघाला तर नाव पाठवण्यात अर्थ नाही. मग नेहमीचं औषध, आणि ते जेवढं चालेल तेवढं.

"आणि कडेला निघाले तर नाना बरा होतो?"

ती म्हणाली, "काहींना थोडा उपयोग झालाय. पुष्कळांना नाही. आधीच कळलं असतं तर परीक्षा कशाला घेतली असती?"

खोटं बोलली नाही, म्हणून मी तिला माझ्या वाटची शेव दिली.

बुधवारी दुपारी वाचून झालं. मॅडमनी कागदावर लिहिलं, सही केली, मग नाव लावलं, मग आम्हाला बोलावलं. मला दुर्बिणीवर बसवलं. आधी मला माझ्या पापण्याच दिसल्या. मॅडम म्हणाल्या, थोडं मागे व्हा. झाले. मग दिसलं. सगळं फिकट निळं, मधे गुलाबीसर पट्टे पसरलेले, पाण्यात भिजलेल्या कापसासारखे, आणि पट्ट्यांच्या अलीकडे तपकिरी ठिपके. मोहरी तडतडली की कढईच्या कडेला जाऊन बसते, तसे. कडेला गर्दी आणि मधे, जिथे गाठीची घरं होती, तिथे एखाददुसराच.

"तपकिरी ते शिपाई," मॅडम म्हणाल्या. "आलेत. आत गेले नाहीत."

हर्षदा माझ्या मागे उभी होती. तिने माझा खांदा इतका जोरात दाबला की रात्री तेल लावावं लागलं.

"आता एकच राहिलं," मॅडम म्हणाल्या. "नाव पाठवायला पेशंटची संमती लागते. त्याला आजार काय, औषध काय, धोका काय, हे सगळं माहीत असायला हवं. त्याशिवाय सही चालत नाही. आणि शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

नानाला तर सूज एवढंच माहीत होतं. शिपायांचं पाहून झालं होतं. आता घरच्यांची पाळी होती.

गुरुवार, नरडाणा आणि पुढे

नरडाण्याच्या फाट्यावर गोपाल मोटारसायकल घेऊन उभा होता. चहाच्या टपरीवर बसवून त्याने मला दम भरला, म्हणजे पाया पडत पडत भरला.

"फुई, तो शब्द काढू नका. नाना खचतील. सही मी घेतो. सुजेचं नवं औषध म्हणून."

"मॅडम चालवून घेणार नाहीत."

"त्यांना काय कळतंय?"

"हर्षदाला कळतंय. ती तिथेच नोकरी करते. आणि तुझ्या बापाला आजवर कोणी बैलसुद्धा खोटं सांगून विकला नाही. त्याला तू औषध विकणार?"

मला त्याचा राग नव्हता. पोरगा महिनाभर हसरा चेहरा घालून घरात वावरत होता, तो वजनाने नानाहून जास्त उतरला होता. मी त्याला म्हटलं, आधी पोहे खा.

सावळद्याला तापी ओलांडली की माझी बोली बदलते. पन्नासाहून जास्त वर्षं असोद्याला काढली, तरी पुलाच्या त्या टोकाला पोचले की जीभ आपोआप माहेरी जाते. नदीत पाणी बरं होतं. वारा मात्र भट्टीवरून आल्यासारखा.

नाना ओट्यावर बाजेवर पडला होता. डोळ्यांतला पिवळेपणा उतरला होता, पण गालही उतरले होते. उशाखाली कागदाची पुडी लपवली, ती शेवेची होती. त्याला तळकट बंद आहे.

"इ गयी का अक्का? बस. धुयाले काय करे तू?"

गोपाल दारात उभा राहून मला डोळ्यांनी विनवत होता. मी बसले. पाणी प्यायले. वाकडं कसं सुरू करायचं ते मला येत नाही, म्हणून सरळच सुरू केलं.

"तुन्हा तुकडा लई गयती."

"मन्हा कसाना तुकडा?"

"पोटना. नाना, तुले सूज नही शे. तुले कॅन्सर शे."

गोपालने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याच्या कपाशीच्या गंजीला काडी लावली. आत नानाच्या सुनेच्या हातातलं भांडं जमिनीवर आपटलं. नानाने विचारलं:

"कोनले कोनले माहित शे?"

"बठ्ठास्ले," मी म्हटलं, म्हणजे सगळ्यांना.

"गावले बी?"

"गावले बी."

"आनं माले नही."

"तुले आते सांगी राहिनी ना मी."

तो उठून बसला. मला वाटलं आता रडेल, आणि रडला असता तर मी काही म्हटलं नसतं. पण तो चिडला, आणि भलत्याच गोष्टीवर. गावात दाढी करणारा माणूस गेल्या आठवड्यात त्याची दाढी करता करता रडला होता. नानाला वाटलं त्याच्या घरी कोणी गेलं. त्याने त्याची समजूत घातली, पाठीवरून हात फिरवला, वर केळीची फणी दिली. "मन्हासाठे रडे तो!" नाना ओरडला. "आनं मीच त्याले धीर दिन्हा! मन्ही फणी बी गयी!"

मला हसू आलं. मी दाबलं नाही. मग तोही हसला, मग खोकला, मग खालमानेने बाजेचं सुंभ बोटांनी ओढत राहिला. गोपाल आत गेला आणि तोंड धुऊन आला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. शिपाई, भिंत, फोडणी, नंबर. नाना आमच्या गावातल्या लग्नांत पंगती सांभाळतो. कोणाला आवतण गेलं, कोण आलं, कोण मांडवाच्या कडेला रुसून उभं, ते त्याच्या बोटावर असतं. त्यामुळे त्याला माझ्यापेक्षा लवकर समजलं.

"म्हणजे नको त्याले आवतण गयं," तो म्हणाला, "आनं कामना मानसे मांडवना बाहेर."

"हाव."

"आनं ह्या नवा औषधवर माले उंदीर करतस."

"उंदीर लहान असतो," मी म्हटलं. "सोताले बैल म्हन."

"नही. मी जात नही."

गोपालने हर्षदाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. ती बापाशी पहिल्यांदाच त्या शब्दासकट बोलली. नानाने तिला चार प्रश्न विचारले. तिने दोनांची उत्तरं दिली आणि दोनांना "माहीत नाही" म्हणाली. त्या "माहीत नाही"ने तो जरा नरमला. महिनाभर त्याला सगळ्यांनी सगळं माहीत असल्यासारखं सांगितलं होतं.

तरी हो म्हणेना. संध्याकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि पातळ वरण खाताना एकदम म्हणाला, "अक्काना डोयासवर मन्हा भरोसा नही. हिले मोतीबिंदू शे. पहिले माले दखाडा, मंग बोला."

शुक्रवार, पुन्हा धुळे

सकाळी गोपालने गाडी ठरवली. नाना पुढे बसला, स्वच्छ टोपी घालून, जणू मुलगी बघायला चालला. सोनगीरला नानाने ड्रायव्हरला स्वतःहून सांगितलं, "माले कॅन्सर शे." ड्रायव्हरने गाडी हळू केली. "हळू कसाले? दम धर नको, चालव," नाना म्हणाला. गावभर इतरांनी वापरलेला शब्द तो आता स्वतः वापरून बघत होता.

मॅडमनी काच लावून दिली. नाना दुर्बिणीवर वाकला. त्याला पापण्या दिसल्या नाहीत, लगेच जमलं. याचाही मला राग आला. हर्षदा बाजूला उभी राहून सांगत होती, हे निळं, हे पट्टे, हे तपकिरी. तो नुसता "हं" म्हणत होता. बराच वेळ तो वाकलेलाच राहिला. मॅडमनी घड्याळ पाहिलं नाही, हे मी पाहिलं.

"ह्या बठ्ठा मन्हाच शेतस?" त्याने मान वर न करता विचारलं.

"तुमचेच, नाना."

"कव्हयपासून उभा शेतस?"

"सांगता येत नाही. महिने झाले असतील."

"पानी नही, बसाले जागा नही?"

"नाना, त्या पेशी आहेत," हर्षदा म्हणाली.

"माले माहित शे पेशी शेतस. मी विचारं तेन्हं सांग."

"उभेच आहेत," ती म्हणाली.

नाना सरळ झाला. टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. "इतला लोक दारशी उभा," तो म्हणाला, "आनं कोनी आत बलावं नही. आते त्यास्ले परत धाडता येत नही. दे कागद."

मॅडम म्हणाल्या, थांबा. हा कागद फक्त नाव आणि तुकडा पाठवायचा. मोठ्या दवाखान्यात पुन्हा तपासतील, नाही म्हणू शकतील. हो म्हणाले तरी औषध लागू पडेल असं नाही. नाना म्हणाला, हे मी ऐकलं. मग विचारलं, "शिपाई आत शिरना आनं गाठ सोडी दुसराच घर फोडं तं?"

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या पहिल्यांदाच त्याच्याशी पेशंटशी बोलतात तसं नाही, तर व्यवहारी माणसाशी बोलतात तसं बोलायला लागल्या. तसं होऊ शकतं. आतड्याला सूज येते, यकृताला येते, कधी औषध बंद करावं लागतं, कधी जिवावर बेततं. नानाने सगळं ऐकून घेतलं. मग कागद मागून घेतला आणि वाचायला बसला. पानं पुष्कळ होती. तो सातवी शिकलेला, आणि मोठ्याने वाचल्याशिवाय त्याला समजत नाही. प्रयोगशाळेतले लोक येत जात राहिले. गोपालची दुपारची पाळी गेली. मी दोनदा चहा प्यायले. एका वाक्याला त्याने मॅडमना थांबवून विचारलं की हे मराठी कोणी लिहिलं, त्याला मराठी येतं का. मॅडम म्हणाल्या, नाही येत. तो म्हणाला, वाटलंच, आणि पुढे वाचत गेला.

मग त्याने सही केली. अक्षर माझ्यापेक्षा बरं.

खाली साक्षीदाराची सही लागत होती. गोपाल पुढे झाला. नाना म्हणाला, "तू नही. अक्का." मी चष्मा लावला आणि नाव लिहिलं, पूर्ण, जोडाक्षरासकट. पुढे रकाना होता, पेशंटशी नातं. हर्षदा "बहीण" लिहायला लागली.

"तठे लिख," नाना म्हणाला, "माले खरं सांगनारी."

रकाना एवढा मोठा नव्हता. "बहीण" लिहिलं.